प्रबोधनकाळातील वैद्य, रुग्णालये आणि औषधोपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे ‘प्रबोधनकाळ’ म्हणजे कोणता काळ आणि कोणता प्रदेश धरला आहे?

साधारणपणे १४०० ते १६०० ही दोन शतके आणि प्रामुख्याने इटली. फ्रान्स, जर्मन प्रदेश आणि इंग्लंड यांचा उल्लेख जरुरीपुरता येतो. पोर्तुगीजांबरोबर हेच वैद्यक गोव्यात उतरले, त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर गोव्यात शोधावे लागते.

त्या काळी आजारी पडलेला माणूस कोणाकडे जाई?

बहुतेक वेळा तो कोणाकडेच जात नसे. पहिला उपचार घरातच होई आणि तो घरातील स्त्रिया करीत. त्याने भागले नाही तर औषधविक्रेत्याचे दुकान गाठले जाई. फ्लॉरेन्समध्ये वैद्य आणि औषधविक्रेते एकाच व्यावसायिक संघात मोडत आणि चित्रकारही त्याच संघाचे सदस्य असत, कारण रंगद्रव्ये औषधांच्याच दुकानात विकली जात.

विद्यापीठात शिकलेला वैद्य हा शहरातील मानाचा आणि महागडा माणूस होता. बोलोन्या किंवा पदुआ येथे लॅटिन ग्रंथांचे अध्ययन करून पदवी मिळवलेला हा गृहस्थ नाडी पाही, काचेच्या भांड्यातील लघवीचा रंग आणि गाळ निरखी, आहारविहाराचे नियम सांगे आणि औषध लिहून देई. रुग्णाच्या शरीरावर शस्त्र चालवणे तो सहसा कमीपणाचे मानी. ते काम शल्यवैद्याकडे आणि त्याहूनही अधिक प्रमाणात न्हाव्याकडे असे. शीर तोडणे, दात उपटणे, गळू फोडणे, हाड बसवणे ही न्हाव्याची नित्याची कामे होती. इंग्लंडमध्ये १५४० साली कायद्याने न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ करण्यात आला. मात्र त्याच कायद्याने न्हाव्यांना दात काढण्यापलीकडची शस्त्रक्रिया आणि शल्यवैद्यांना हजामत, अशा दोन्ही गोष्टी मना केल्या. हा संघ फुटायला १७४५ साल उजाडावे लागले.

याशिवाय एकेका कामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेली घराणी होती. मध्य इटलीतील नॉर्चा आणि प्रेची या डोंगराळ गावांतील लोक मुतखडा काढणे, अंतर्गळ बरा करणे आणि मोतीबिंदू उतरवणे यांसाठी प्रसिद्ध होते आणि गावोगाव फिरून ते हा धंदा करीत. हीच गावे डुकराचे मांस कापण्याच्या आणि टिकवण्याच्या धंद्यासाठीही नावाजलेली होती, हा योगायोग नसावा. चौकात फळी टाकून, गाणीबजावणी करून तेले आणि मलमे विकणारे भोंदूही होतेच, पण त्यांनाही अनेक शहरांत परवाना घ्यावा लागे.

आजार कशामुळे होतो, असे ते मानीत?

ग्रीक वैद्य हिपॉक्राटिस याच्या परंपरेतून आलेली आणि दुसऱ्या शतकातील गेलन याने पक्की केलेली चार द्रवांची कल्पना सर्वमान्य होती. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे ते चार द्रव. त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य आणि तो बिघडला की आजार. प्रत्येक द्रवाला उष्ण, शीत, आर्द्र आणि शुष्क यांपैकी दोन गुण जोडलेले असल्यामुळे अन्न, ऋतू, वय आणि स्वभाव यांचाही हिशेब त्यातच बसे. हे ज्ञान युरोपला बऱ्याच अंशी अरबी ग्रंथांतून परत मिळाले होते. इब्न सिना याचा ‘कानून’ हा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून इटलीतील विद्यापीठांत सतराव्या शतकातही शिकवला जात होता.

मराठी वाचकाला येथे त्रिदोषांची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि साम्य आहेही, पण दोन्ही एकच समजू नयेत. आयुर्वेदात रक्त हा मुख्यतः धातू मानला जातो, तर गेलनच्या मांडणीत ते चार द्रवांपैकी एक आहे. वाताला त्या मांडणीत जागाच नाही.

मग प्रत्येक आजारावर रक्त काढणे हाच उपाय होता का?

प्रत्येक आजारावर नसला, तरी फार वेळा तोच होता. द्रव वाढला असेल तर तो बाहेर काढायचा, हा सरळ तर्क होता. त्यासाठी शीर तोडणे, तुंबड्या लावणे, जळवा लावणे, जुलाब देणे आणि वांती करवणे हे मार्ग होते. कोणत्या राशीत चंद्र असताना कोणत्या अवयवाचे रक्त काढू नये हे दाखवणारी मनुष्याकृती छापील पंचांगांत असे. वादही होत, पण ते रक्त काढावे की नाही यावर नव्हे, तर कोठून काढावे यावर. छातीच्या एका बाजूला दाह असेल तर त्याच बाजूच्या हाताचे रक्त काढावे, असे पॅरिसचा वैद्य प्येर ब्रिसो सोळाव्या शतकाच्या आरंभी म्हणू लागला. प्रचलित रीत विरुद्ध बाजूची होती आणि या प्रश्नावर युरोपातील वैद्य अनेक वर्षे एकमेकांवर पुस्तके लिहीत राहिले.

ही पद्धत टिकण्याचे कारण समजण्यासारखे आहे. पुष्कळसे ताप आपोआप उतरतात आणि त्याआधी जे काही केले असेल त्याला श्रेय मिळते. तुलना करण्याची कोणतीही शिस्त नसताना अनुभव हाच पुरावा ठरत होता आणि अनुभव रक्त काढण्याच्या बाजूने बोलत होता.

रुग्णालये कशी होती?

या प्रश्नाचे उत्तर वाचकांना बहुधा अनपेक्षित वाटते. इटलीतील मोठी रुग्णालये ही त्या काळातील सुबक आणि सुव्यवस्थित संस्थांपैकी होती. फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा हे रुग्णालय १२८८ साली फोल्को पोर्तिनारी या धनिकाने स्थापन केले. महाकवी दान्तेच्या काव्यातील बेआत्रिचे ही याच फोल्कोची मुलगी, असे परंपरेने मानले जाते. पंधराव्या शतकापर्यंत हे रुग्णालय इतके नावारूपाला आले, की इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याला लंडनमध्ये सॅव्हॉय रुग्णालय उभारायचे होते तेव्हा त्याने येथील नियमावलीचा नमुना घेतला.

मिलानमध्ये फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४५६ साली मोठ्या रुग्णालयाची पायाभरणी केली. त्याचा वास्तुकार फिलारेते याने क्रूसाच्या आकाराची दालने आखली, जेणेकरून मध्यभागी असलेली वेदी रुग्णांना खाटेवरून दिसावी, आणि शौचकूप धुऊन निघावेत म्हणून कालव्याचे पाणी खेळवण्याची योजनाही केली. वेदी आणि वाहते पाणी एकाच आराखड्यात असणे त्या काळाला मुळीच विसंगत वाटत नव्हते. रुग्णालय हे धर्मकार्य होते, दात्याच्या पुण्यासाठी होते, आणि रुग्णाने आधी पापाची कबुली द्यावी अशी अपेक्षा असे. त्याच वेळी शहरातील नावाजलेले वैद्य तेथे फेरी मारीत, तरुण वैद्य राहून शिकत आणि दुर्बल रुग्णाला कोंबडीचा रस्सा, अंडी, पांढरा पाव आणि वाइन मिळे. जो आहार गरिबाच्या घरी सणालाही दिसत नसे तो येथे रोज मिळत होता, आणि माझ्या मते येथील खरे औषध तेच होते.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर १५१०-११च्या सुमारास इटलीत गेला होता. रोमच्या चर्चवर त्याने पुढे सडकून टीका केली, पण इटलीतील रुग्णालयांची मात्र प्रशंसा केली. रुग्ण आला की त्याचे कपडे नोंद करून जपून ठेवले जातात, त्याला स्वच्छ पांढरा अंगरखा आणि स्वच्छ बिछाना मिळतो, असे त्याने सांगितले आहे. सिएना येथील सांता मारिया देल्ला स्काला या रुग्णालयाच्या भिंतींवर दोमेनिको दी बार्तोलो याने १४४०च्या दशकात काढलेली चित्रे आहेत. एका चित्रात मांडीला मोठी जखम झालेल्या माणसाचे पाय धुतले जात आहेत, बाजूला एक वैद्य लघवीची बाटली उजेडात धरून पाहतो आहे आणि खाटांपाशी लगबग चालू आहे.

सर्वत्र हीच स्थिती नव्हती. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात एकाच खाटेवर अनेक रुग्ण झोपवले जात. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा त्यांच्या आश्रयाने चालणारी अनेक रुग्णालयेही बंद पडली, आणि लंडनचे सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालय १५४६ साली नव्याने उभे करावे लागले.

रुग्णालयात जाणे म्हणजे मरायलाच जाणे, असे होते का?

सांता मारिया नुओव्हाच्या नोंदवह्यांवरून तसे दिसत नाही. साथीची वर्षे सोडली, तर दाखल झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे जिवंत बाहेर पडत. अनाथ अर्भकांच्या बाबतीत मात्र चित्र फार दुःखद होते. फ्लॉरेन्सच्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ब्रुनेलेस्की याच्याकडून १४१९पासून बांधून घेतलेल्या अनाथालयात १४४५ साली पहिले मूल आले. तेथील मुलांना खेड्यांतील दाईंकडे दूध पाजण्यासाठी पाठवले जाई आणि त्यांतील पुष्कळ मुले परत येत नसत.

चर्चने शवविच्छेदनाला बंदी घातली होती, हे खरे आहे का?

खरे नाही, तरीही ही समजूत फार चिवट आहे. पोप आठवा बोनिफेस याने १२९९ साली काढलेला आदेश प्रेते उकळून हाडे सुटी करण्याच्या प्रथेविरुद्ध होता. दूरदेशी मेलेल्या सरदारांची हाडे मायदेशी नेण्यासाठी असे केले जाई. त्यानंतर काही वर्षांतच, १३१६च्या सुमारास, बोलोन्याच्या मोंदिनो याने शवविच्छेदनाची मार्गदर्शिका लिहिली. पोप चौथा सिक्स्टस याने १४८२ साली ट्युबिंगेन विद्यापीठाला फाशी गेलेल्यांची प्रेते वापरण्यास संमती दिली. खरी अडचण प्रेतांच्या तुटवड्याची आणि हवामानाची होती. प्रेत लवकर कुजत असल्यामुळे विच्छेदन थंडीत होई, आणि प्रेत मुख्यतः गुन्हेगाराचे, शक्यतो परगावच्या माणसाचे असे.

विच्छेदनाची रीत ही त्याहून मोठी अडचण होती. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलनचा ग्रंथ वाचे, खाली शल्यवैद्य कापत असे आणि ग्रंथात आहे तेच प्रेतात दिसले पाहिजे असा सर्वांचा भाव असे. गेलनने माकडे, डुकरे आणि इतर जनावरे चिरून आपले निष्कर्ष काढले होते. ब्रसेल्समध्ये जन्मलेला आंद्रेआस वेसालियस १५३७ साली पदुआत शिकवू लागला तेव्हा त्याने आसनावरून उतरून सुरी स्वतः हातात घेतली. माणसाचा खालचा जबडा हे एकच हाड आहे, उरोस्थीचे भाग सात नसून तीन आहेत, मेंदूच्या तळाशी गेलनने वर्णिलेले रक्तवाहिन्यांचे जाळे माणसात नाही, अशा गोष्टी त्याने पाहिल्या आणि लिहिल्या. मानवी शरीराच्या रचनेवरील त्याचा सचित्र ग्रंथ १५४३ साली बाझेलमध्ये छापून प्रसिद्ध झाला तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. मुखपृष्ठावरील चित्रात तो स्वतः प्रेतावर हात ठेवून उभा आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

लिओनार्दो दा विंची याने हे काम आधी केले होते, असे येथे नेहमी सांगितले जाते. १५०७-०८च्या हिवाळ्यात त्याने सांता मारिया नुओव्हामध्ये शांतपणे मरण पावलेल्या, आपले वय शंभर वर्षे सांगणाऱ्या वृद्धाचे विच्छेदन केले आणि त्याच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांचे वर्णन लिहून ठेवले. परंतु त्याची टिपणे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासावर त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य आहे.

वेसालियसच्या शोधांमुळे उपचार सुधारले का?

त्याच्या हयातीत नाही. शरीराची रचना कळणे आणि आजार बरा करता येणे यांत फार मोठे अंतर असते. पदुआतच फाब्रिचियो याने शिरांमधील झडपांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले, त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले, आणि तरीही स्वतः हार्वे रुग्णांचे रक्त काढण्याच्या बाजूचाच राहिला. या काळात पुस्तके बदलली आणि खाटेवरचा उपचार बराचसा होता तसाच राहिला. प्रबोधनकाळातील वैद्यकाकडे पाहताना हे ध्यानात ठेवले नाही तर शोधांच्या यादीवरून फसगत होते.

प्लेगपुढे वैद्य काय करीत होते?

वैद्य फारसे काही करू शकत नव्हते. नगरपालांनी मात्र बरेच काही केले. १३४८च्या महासाथीनंतर प्लेग दर काही वर्षांनी परतत राहिला. आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या बंदराने १३७७ साली बाधित प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. ही मुदत पुढे ४० दिवसांची झाली. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचे रुग्णालय उघडले आणि १४६८ साली दुसऱ्या बेटावर संशयित माणसे आणि माल ठेवण्याची सोय केली. तेथे गासड्या उघडून वारा दिला जाई आणि माल धुराने शेकला जाई. आरोग्य मंडळे, प्रवाशांचे आरोग्य दाखले आणि मृत्यूंच्या नोंदी या सर्व गोष्टी याच शहरांनी रुळवल्या.

सिद्धान्त मात्र दूषित हवेचा होता. रोग संसर्गाने पसरतो असे शहरे वागत होती आणि हवेने पसरतो असे वैद्य शिकवत होते. जिरोलामो फ्राकास्तोरो याने १५४६ साली रोगाची सूक्ष्म ‘बीजे’ असतात आणि ती स्पर्शाने, वापरातील वस्तूंमधून किंवा दुरूनही पोहोचतात असे मांडले, पण त्याने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. १५७५ ते १५७७ या काळात व्हेनिसमध्ये सुमारे ५० हजार माणसे, म्हणजे शहराची पाव लोकसंख्या किंवा त्याहूनही अधिक, मरण पावली. चित्रकार तित्सियानो याच साथीच्या काळात, १५७६ साली वारला. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला, आणि १८९६नंतर मुंबई-पुण्यात साथ आली तेव्हाही सरकारच्या हाती विलगीकरण, तपासणी नाकी आणि सामानाची झडती हीच जुनी साधने होती.

लांब चोचीचा मुखवटा घातलेले प्लेगचे वैद्य याच काळातील ना?

नाही. तो पोशाख सतराव्या शतकातील असून तो फ्रान्सच्या शार्ल द लॉर्म या राजवैद्याच्या नावावर सांगितला जातो.

‘फिरंग रोग’ म्हणजे काय आणि त्यावर उपचार कोणता होता?

फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्या सैन्याने १४९५ साली नेपल्स घेतले, आणि त्या सैन्यातून एक भयंकर रोग युरोपभर पसरला. अंगभर व्रण, हाडांत रात्रीच्या वेदना, झडलेले नाक अशी त्याची लक्षणे होती. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. आजचे त्याचे ‘सिफिलिस’ हे नाव फ्राकास्तोरो याच्याच १५३०च्या लॅटिन काव्यातील एका मेंढपाळाच्या नावावरून आले आहे. भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि सोळाव्या शतकातील भावमिश्र याच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हणून नोंदला गेला. आपल्याकडे त्याला गरमी किंवा उपदंश असेही म्हटले गेले.

पाऱ्याचे मलम अंगाला चोळून रुग्णाला तापवलेल्या खोलीत घाम काढायला बसवणे हा मुख्य उपचार होता. तोंडातून लाळ वाहू लागली की विष बाहेर पडते आहे असे समजत. प्रत्यक्षात ते पाऱ्याच्याच विषबाधेचे लक्षण होते. दात पडत आणि हिरड्या सडत. म्हणून कॅरिबियन बेटांवरून आलेल्या ग्वायाकम या झाडाच्या लाकडाचा काढा लोकप्रिय झाला. उलरिख फॉन हुटेन या जर्मन विद्वानाने १५१९ साली त्याचे गुणगान करणारे पुस्तक लिहिले आणि १५२३ साली तो त्याच रोगाने गेला. या लाकडाच्या व्यापारात ऑग्सबर्गच्या फुगर या सावकारी घराण्याचे हितसंबंध होते. पॅरासेल्सस या वैद्याने हा काढा निरुपयोगी आहे असे लिहिताच त्याच्या पुढील लिखाणाच्या छपाईवर न्यूरेंबर्गमध्ये बंदी आली. पूर्वेकडून आलेली चोपचिनीही खूप गाजली. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती गाउटवर घेतली आणि वेसालियसने १५४६ साली तिच्यावर एक दीर्घ पत्रच छापले.

या रुग्णांना साधारण रुग्णालये घेत नसत. म्हणून ‘असाध्य रोग्यांची’ वेगळी रुग्णालये निघाली, त्यांतील एक व्हेनिसचे, १५२२ सालचे. तेथे १५३७ साली फ्रान्सिस झेवियर याने रुग्णसेवा केली. हाच झेवियर १५४२ साली गोव्यात उतरल्यावर तेथील रुग्णालयातच राहिला.

आंब्रवाज पारे याचे महत्त्व कशात आहे?

तो न्हावी-शल्यवैद्यांच्या परंपरेतून आला होता, त्याला लॅटिन येत नव्हते आणि त्याने सर्व लेखन फ्रेंचमध्ये केले. बंदुकीची जखम विषारी असते, म्हणून ती उकळत्या तेलाने डागावी, असा शिरस्ता होता. १५३७ साली इटलीतील मोहिमेत त्याच्याजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा पिवळा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण उरलेल्या जखमींना लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही, कारण ती माणसे सकाळी मेलेली आढळतील अशी त्याची खात्री होती. सकाळी त्यांना फारशी वेदना नव्हती आणि ज्यांना तेलाने डागले होते ते तापाने फणफणत होते. या अनुभवावर त्याने १५४५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. अवयव कापल्यावर रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धतही त्याने पुढे आणली. एकापाठोपाठ एक अशा चार फ्रेंच राजांची त्याने सेवा केली.

त्याची दुसरी कथा औषधांच्या संदर्भातील आहे. जनावरांच्या पोटात तयार होणारा बेझोअर नावाचा खडा सर्व विषांवर उतारा समजला जाई आणि त्याला मोठी किंमत येई. नववा शार्ल या राजाने त्याची परीक्षा घेण्याचे ठरवले. चांदीची दोन ताटे चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याने विष आणि नंतर तो खडा घेण्याचे कबूल केले, कारण जगला तर त्याची सुटका होणार होती. काही तासांत तो तडफडून मेला. पारेने त्यावरून योग्य तो निष्कर्ष काढला, पण बेझोअरचा बाजार थंडावला नाही. उलट सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइटांनी बनवलेले कृत्रिम खडे ‘गोवा स्टोन’ म्हणून युरोपात सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवले जात होते.

कापलेले नाक पुन्हा बसवता येत असे का?

बोलोन्याचा गास्पारे ताल्याकोत्सी दंडाची कातडी उचलून ती नाकाच्या जागी शिवत असे आणि हात सुमारे तीन आठवडे डोक्याला बांधून ठेवत असे. कातडी नव्या जागी जगली की ती दंडापासून सोडवली जाई. १५९७ सालच्या त्याच्या ग्रंथात याची चित्रे आहेत. त्याआधी सिसिलीतील ब्रांका घराणे हे काम करीत असे. द्वंद्वयुद्धे आणि वर सांगितलेला रोग यांमुळे गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. ताल्याकोत्सीनंतर युरोपात ही कला जवळजवळ लोपली. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. टिपूच्या कैदेत नाक आणि हात गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीतून नवे करण्यात आले होते. युरोपीय शल्यवैद्य पुन्हा या कामाकडे वळले ते या वृत्तान्तानंतर, ताल्याकोत्सीच्या ग्रंथामुळे नव्हे.

भूल कशी देत?

अफू, खुरासानी ओवा आणि मँड्रेक यांच्या रसात भिजवलेला स्पंज हुंगवण्याच्या कृती ग्रंथांत आहेत, पण त्यांचा भरवसा नव्हता. मात्रा कमी पडली तर रुग्ण जागा राही, जास्त झाली तर उठतच नसे. मजबूत माणसे आणि चपळ हात हीच खरी साधने होती.

पॅरासेल्सस भोंदू होता की द्रष्टा?

दोन्ही आरोप त्याच्या हयातीतच झाले. १५२७ साली बाझेलचा नगरवैद्य झाल्यावर त्याने लॅटिन सोडून जर्मनमध्ये व्याख्याने दिली आणि इब्न सिनाचा ग्रंथ जाहीर होळीत टाकला. वर्षभरातच त्याला शहर सोडावे लागले. खनिजांपासून औषधे करण्याचा आग्रह आणि सर्वच पदार्थ विषारी असून मात्रेवर सारे अवलंबून असते हा त्याचा विचार टिकला. तारे, धातू आणि अवयव यांचा मेळ घालणारे त्याचे बाकीचे लिखाण मात्र आज समजून घेणेही कठीण जाते.

स्त्रियांना वैद्यकात स्थान होते का?

पदवी त्यांना मिळत नसे, पण काम त्यांच्याशिवाय चालत नसे. रुग्णालयांतील शुश्रूषा बहुतांशी व्रतस्थ स्त्रिया करीत आणि अनेक मठांतील जोगिणी औषधे बनवून विकत. फोर्लीची शासक कातेरीना स्फोर्झा हिने औषधे, प्रसाधने आणि किमया यांच्या चारशेहून अधिक कृती जमवल्या. बाळंतपण तर संपूर्णपणे सुइणींच्या हाती होते आणि जर्मन शहरांनी पंधराव्या शतकापासून त्यांच्यासाठी नियम केले. सुइणींसाठी १५१३ साली छापलेले गाजलेले जर्मन पुस्तक मात्र ऑयखारियस र्‍योस्लिन या पुरुषाचे होते. सुईण म्हणून काम केलेल्या स्त्रीचे तोलामोलाचे पुस्तक १६०९ साली आले. ते लिहिणाऱ्या लुईझ बुर्जवा हिने फ्रान्सच्या तेराव्या लुईच्या जन्माच्या वेळी राणीचे बाळंतपण केले होते.

या सर्वांचा गोव्याशी आणि महाराष्ट्राशी काय संबंध?

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य स्पेनमध्ये शिकला आणि १५३४ साली भारतात आला. त्याचे घराणे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचे होते. गोव्यात त्याने वैद्यकी केली, औषधांचा व्यापार केला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते आणि तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे येतात, असे तो लिहितो. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पोर्तुगीज महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे, ही सहज सांगण्यासारखी गोष्ट.

या ग्रंथात दोन वैद्य बोलतात. एक नुकताच युरोपातून आलेला आणि ग्रीक ग्रंथांवर विसंबणारा, दुसरा स्वतः ओर्ता, जो म्हणतो की मी स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत झाली नसती. मिरी, वेलदोडा, हिंग, अफू, चोपचिनी यांविषयी प्राचीनांनी काय लिहिले हे सांगून तो बाजारात आणि बागेत काय दिसते ते समोर ठेवतो. एका संवादात मालुपा नावाचा हिंदू वैद्यही माहिती देतो. मोडशीचे, म्हणजे पटकीचे, ओर्ताने दिलेले वर्णन युरोपीय लेखकाने आशियातील या रोगाच्या केलेल्या आरंभीच्या तपशीलवार वर्णनांपैकी आहे. वेसालियसने पदुआच्या टेबलावर जे केले तेच ओर्ताने गोव्याच्या बाजारात केले असे मला वाटते, पण त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. १५६८ साली तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळले, आणि १५८० साली ओर्ताचीही हाडे उकरून जाळण्यात आली.

गोव्यातील राजाचे रुग्णालय पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी यांच्यासाठी होते. १६०८ साली तेथे राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असे धर्मसभा बजावत होत्या. तरीही १५८०च्या दशकात गोव्यात असलेला डच लिन्सखोटेन नोंदवतो, की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशप यांचा आपल्या वैद्यांपेक्षा या वैद्यांवरच अधिक विश्वास होता.

आज यातील काय पाहता येते?

पदुआतील १५९५च्या सुमाराचे लाकडी विच्छेदनगृह आणि १५४५ सालचे औषधी वनस्पतींचे उद्यान दोन्ही पाहता येतात. सिएनाचे रुग्णालय आता संग्रहालय झाले आहे, तर फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या दर्शनी भागावर देल्ला रोब्बियाने घडवलेली दुपट्यात गुंडाळलेली बाळे अजून आहेत. मिलानच्या जुन्या रुग्णालयात विद्यापीठ भरते. सांता मारिया नुओव्हा मात्र आजही रुग्णालयच आहे आणि तेथे रुग्ण दाखल होतात.